छापलंय तसं मी वाचलं नाही, मावशी

मावशी, तुम्ही गेल्यापासून माझं एकही पुस्तक सलग वाचून झालेलं नाही. वाचत नाही असं नाही, उलट हावरटासारखी वाचतेय. एक उघडायचं, पाच-दहा पानं झाली की ठेवलं खाली. दुसरं उघडायचं, तेही मधूनच. मग उठून पाणी प्यायचं, दाराशी जाऊन यायचं आणि पुन्हा पहिलं. शाळेत शिकवून आले की जेवायच्या आधी हात खोक्यात जातो. परवा आमच्या ह्यांनी विचारलं, "परीक्षा आहे का कसली?" मी म्हटलं, "आहे." त्यांना वाटलं मी चिडून बोलले.

खोकं तुमचंच आहे. तुमच्या लेकीनं, सुनीतानं दिलं. "पुण्यात आमच्या दोन खोल्या. एवढी मेलेली माणसं मी ठेवू कुठं?" म्हणाली. अगदी तुमच्यासारखंच बोलते ती, फक्त तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. रद्दीच्या दुकानातून वर्षानुवर्षं निवडून आणलेली ती सगळी इंग्रजी पुस्तकं मी पापडाच्या खोक्यात भरली आणि स्कूटीच्या पुढ्यात ठेवून घरी आणली. आता सगळ्या खुनांना हिंगाचा वास येतोय.

प्रार्थनेला लोक तुमच्याबद्दल छान बोलले. नर्स म्हणून तुम्ही कुणाकुणाची बाळंतपणं केलीत, कुणाच्या उशाशी बसून राहिलात, सगळं आलं. सगळं खरंच होतं, पण मी मागच्या खुर्चीवर नुसती चुळबुळत होते. कारण एकानंही सांगितलं नाही की ह्या बाई रोज दुपारी घरामागच्या पत्र्याच्या पडवीत पापड लाटणाऱ्या बायांना खून वाचून दाखवायच्या, आणि प्रेत सापडायच्या आधी हटकून थांबून चष्मा पुसायच्या. आम्ही लाटणी धरून ताटकळायचो आणि तुमचा चष्मा काही पुसून व्हायचा नाही.

मी त्या पडवीत पहिल्यांदा आले ती सासूबाईंनी दिलेलं उडदाचं पीठ पोचवायला. तुम्ही विचारलंत, "काय शिकलीस?" मी सांगितलं, बी.ए., इंग्लिश घेऊन. काष्टी गावातल्या आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, मुलगे धरून. हे मी कुणी न विचारता पण सांगते, तुम्ही तर विचारलं होतं. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, "मग बसा ग्रॅज्युएटबाई. माझं चुकलं तर सांगा." आणि बसले ती बसलेच.

तुमची मनगटं धरलेली, लाटणं फिरायचं नाही, म्हणून तुम्ही वाचायला लागला होता. मांडीवर इंग्रजी पुस्तक आणि तोंडातून मराठी, कुठं अडखळणं नाही. त्या पुस्तकांमधलं इंग्लंड तुम्ही उचलून बेलापूर रोडला आणून ठेवलं होतंत. सरदाराचा महाल झाला कारखान्याच्या जुन्या डायरेक्टरचा बंगला. युद्धातून परतलेला कर्नल झाला रिटायर फौजदार. लोणी लावून खायच्या त्यांच्या त्या पावांची नानकटाई झाली. धुकं तेवढं तुम्ही तसंच ठेवायचात. मी एकदा म्हटलं, "मावशी, श्रीरामपुरात एवढं धुकं कुठलं आलं?" तर पुस्तकावरची नजर न काढता म्हणालात, "कारखान्याचा बॉयलर पेटलाय समज."

एखादं पुस्तक संपलं की आपण त्याचा निकाल लावायचो. विषाच्या बाबतीत तुम्ही फार कडक होतात. "हा अर्सेनिक खाऊन मेला आणि सतरंजी कोरडी? चाळीस वर्षं नोकरीत असं सुबक मरण मी पाहिलं नाही. ह्या लेखिकेला एक दिवस वॉर्डात उभं करा." आणि मग त्याच लेखिकेचं पुढचं पुस्तक रद्दीवाल्याकडून तुम्हीच हुडकून आणायचात.

आता निकाल कुणापुढं लावू? म्हणून इथंच सांगते, तुम्ही ऐका.

बेकरीवाल्या बाईचं पुस्तक आता स्वतः वाचलं. त्या गावात ऊठसूट खून पडतात, प्रेत हिच्याच दाराशी, आणि तरी हिच्या केकला रांग. आपल्याकडे भेळेच्या गाडीसमोर एक मोटरसायकल घसरली तर लोकांनी सहा महिने तिथली भेळ सोडली होती. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्या बाईनं एकेक पाककृती दिलीय. मी दालचिनीचा केक करून पाहिला. पुस्तकातला खून त्यापेक्षा बरा जमलाय.

मांजरवालं तुम्हाला आवडलं असतं, मला नाही आवडलं. ग्रंथालयातलं मांजर पंजानं पुरावा उकरून काढतं म्हणे. आमच्या काष्टीच्या मांजरीला स्वतःची पिल्लं कुठं ठेवली ते आठवायचं नाही.

एक नवीन पण वाचलं, आपल्याच देशातलं. चहाच्या मळ्यात खून होतो आणि मेजरची विधवा तो शोधते. भाषा झकपक आहे. पण त्या पुस्तकात कुणी कुणाला काकू म्हणत नाही, वहिनी म्हणत नाही, सगळे एकमेकांना नावानं हाका मारतात. नातंच नसेल तर संशय घ्यायला मजा काय राहिली? परक्याचा संशय तर पोलीसही घेतात.

मध्येच चव बदलायला म्हणून ती बक्षीस मिळालेली जाडजूड कादंबरी घेतली, खेड्यावरची. निम्मी झाली. एवढ्या पानांत त्या गावात एकही माणूस हसलेला नाही. मी खेड्यातली आहे, आमच्याकडे मयतीला आलेले लोकसुद्धा मागं बसून एकमेकांना चिमटे काढतात. मला वाटतं, लेखक गावात पाहुणा म्हणून गेला असेल आणि तो आला म्हणून सगळे सभ्य होऊन बसले असतील. आणि दिरानं दिलेलं ते 'श्रीमंत व्हा'छाप पुस्तक. त्याबद्दल एवढंच सांगते, की ते मी रागाच्या भरात संपवलं.

पण मी ह्यासाठी लिहायला बसले नव्हते. लिहायला बसले ते भांडायला.

त्या बेकरीवालीचा शेवट वाचताना मी उठून उभी राहिले, मावशी. तुम्ही आम्हाला सांगितलं होतंत की खून पुतण्यानं केला. गोरा, गोडबोल्या, काकाच्या इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेला. आम्ही त्याला मनापासून शिव्या घातल्या होत्या. छापलंय काय? खून केलाय भांडी घासणाऱ्या बाईनं. पुतण्या बिचारा शेवटी लग्न करतो.

मला वाटलं माझं इंग्रजी चुकतंय. पुन्हा वाचलं. मग खोकं पालथं केलं आणि तुम्ही ऐकवलेली सगळी पुस्तकं शेवटाकडून उघडायला लागले. नदीकाठच्या घराच्या गोष्टीत खुनी निघाला म्हातारा माळी. तुमच्याकडे तो पुतण्या होता. आजारी सावकाराच्या गोष्टीत निघाली त्याची पगारी नर्स. नर्स! ती तर तुमच्या हातून फासावर जाणं शक्यच नव्हतं. आणि त्या बेटावरच्या गोष्टीत मावशी, पुतण्याच नाही. पहिल्या पानापासून शोधला, पुतण्या नावालाही नाही. तुम्ही तो पदरचा घातलात, त्याला मोठा केलात, जुगाराचा नाद लावलात आणि शेवटी पोलिसांच्या हवाली केलात.

मी डिग्रीवाली तुमच्या शेजारी बसून नानकटाई खात होते. हात लांब करून पुस्तक घ्यायचं, बस. पण तुमचं सांगणं ऐकताना छापील काय आहे ते पाहावं असं एकदाही मनात आलं नाही. ह्याचा मला रागही आला आणि खरं सांगू का, थोडं हसूही. त्याच तिरीमिरीत मी चपला घातल्या, तुम्हाला जाब विचारायला. कोपऱ्यापर्यंत गेले. रसवंतीपाशी आल्यावर लक्षात आलं की कुणाला विचारणार आहे. रसवंतीवाला म्हणाला, "ताई, ग्लास देऊ का?" मी म्हटलं, दे. रस न पिता तिथंच उभी राहिले.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं होतं, आठवतं ना? ज्या गोष्टीत तो हेर खुन्याला ओळखतो आणि सोडून देतो, त्यावरनं. मी म्हटलं होतं, "गुन्हेगार सोडायचाच होता तर एवढी पानं आम्ही कशाला ऐकली? खरं ते खरं." तुम्ही म्हणालात, "पोरी, दवाखान्यात काही हरवलं की पहिल्यांदा आयांच्या पिशव्या उघडायच्या. मग आम्हा नर्सांच्या. डॉक्टरांची बॅग उघडलेली मी कधी पाहिली नाही."

"तो दवाखाना झाला मावशी. हे पुस्तक आहे."

"म्हणून तर म्हणते. पुस्तकात तरी डॉक्टरची उघडू दे की."

मी म्हटलं, हे काही उत्तर झालं नाही. तुम्ही म्हणालात, "बरं, उद्या नीट देते उत्तर." पुढचे दोन दिवस शाळेत परीक्षा होत्या म्हणून मी आले नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पडवीतल्या सिंधूचा फोन आला की मावशी उठत नाहीत.

आता सिंधूचं सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्यांना नाही.

सिंधू पाथर्डीकडची. माहेर-सासर दोन्ही ऊसतोडीचं. एका हंगामात इकडं कारखान्यावर आली आणि नवरा वारल्यावर इथंच राहिली. हाताला चव म्हणून एका बऱ्या घरात स्वयंपाकाला लागली. त्या घरातली सोन्याची साखळी सापडेना, तर अंगणात सगळ्यांसमोर हिची पिशवी उलटी केली. पिशवीतून निघालं काय, तर जेवणाचा डबा आणि कुंकवाऐवजी लावायच्या काळ्या टिकल्यांची पाकिटं. साखळी पुढं त्यांच्याच उशीच्या अभ्र्यात सापडली. मग निरोप आला, "सिंधूला म्हणावं ये कामाला, आम्ही काही मनात ठेवलेलं नाही." सिंधू गेली नाही. पापडाच्या पडवीत येऊन बसली आणि दोन महिने कुणाशी बोलली नाही.

आणि मग तुम्ही ती शेवटची गोष्ट सुरू केलीत. बंगल्यातल्या म्हाताऱ्या मालकिणीला रात्रीच्या दुधातून विष दिलं जातं. बंगल्यात फौजदार आहे, डॉक्टर आहे, पुतण्या तर आहेच आणि एक स्वयंपाकीण आहे. तुम्ही त्या स्वयंपाकिणीला सिंधूचं सगळं देऊन टाकलंत. मीठ तळहातावर घेऊन अंदाज करायची तिची सवय, भांड्यावर झाकण आणि झाकणावर पुन्हा फडकं, काम करताना नाकातल्या नाकात गुणगुणणं. पहिल्या दिवशी सिंधूनं मान वर केली. दुसऱ्या दिवशी हसली. आठवड्यात हौसाबाई तिला म्हणायला लागल्या, "ए बंगल्यावरची, इकडं लाट्या दे." हौसाबाई म्हणजे आपल्या पापडाच्या गटातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात तिखट, त्यांनी चिडवलं म्हणजे माणूस पास झालं. सिंधू सगळ्यांच्या आधी यायला लागली. गोष्ट चुकू नये म्हणून.

तुम्ही शेवटची तीन प्रकरणं राहिलेली असताना गेलात.

मी ती वाचली. ओळखलंच असेल तुम्ही. खून स्वयंपाकिणीनं केलाय. आणि कारण काय छापलंय, तर कधीकाळी तिच्यावर चोरीचा आळ आला होता, तो तिनं मनात धरून ठेवला आणि सूड उगवला. म्हणजे एकदा ज्याच्यावर आळ आला त्याच्या हातून पुढं काहीही होऊ शकतं, असं ती लेखिका म्हणते, आणि ते म्हणून झाल्यावर सगळी पात्रं केक खायला बसतात.

समीक्षा म्हणाल तर सरळ सांगते, मावशी, पुस्तक कच्चं आहे. खुनी शोधलेला नाही, ज्याच्या बाजूनं भांडणारं बंगल्यात कुणीच नाही त्याच्या गळ्यात खून टाकलाय. पण कच्चं असो की पक्कं, छापलंय ते छापलंय. मी वर्गात मुलांना रोज सांगते, उताऱ्यात आहे तेवढंच लिहा, मनाचं घालाल तर मार्क कापीन. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यानं वाचून दाखवलेल्या कागदावर अंगठे उठवले गेले. समोरचा जे वाचेल ते खरं धरायचं. म्हणून मी शिकले. आता वाचणारी मी आणि ऐकणारी सिंधू, आणि मीच बदलून वाचू?

आठवडाभर टाळलं. पण सुनीता महिनाअखेर घराला कुलूप लावून जाणार, गट दुसरीकडे बसणार. हौसाबाईंनी मला रस्त्यात गाठलं. "ताई, आवो मावशींचा जीव त्या बंगल्यात आडाकला आसंल. तुमी इंग्रजी शिकल्याल्या, आन इतकं बी व्हईना व्हय?" मी म्हटलं, शाळेचं काम आहे. "शाळेचं काम मेल्याव बी राह्यतंय. उद्या या."

गेले. तुमची खुर्ची कुणी हलवली नव्हती, पण मी पायरीवर बसले. पीठ कुटून ठेवलेलं, लाट्या तोडलेल्या, सगळ्या गोल करून तयार. सिंधू माझ्या अगदी समोर.

मला तुमच्यासारखं वाहतं सांगता येत नाही. मी सुरुवात केली, "त्यानंतर सर्वांना दिवाणखान्यात एकत्र बोलावण्यात आले." हौसाबाईंनी लाटणं थांबवलं. "ताई, बातम्या देताय का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि जरा मोकळी झाले. दिवाणखाना रंगवला, फौजदाराच्या मिशा आणल्या, पुतण्याला घाम फोडला. धुकंही घातलं. पण एकेक पान उलटत होतं आणि मला पुढचं पान दिसत होतं. एक पान राहिलं असेल तेव्हा सिंधूच बोलली. मान खाली, पापड लाटणं चालूच.

"ताई, तिनंच केलं ना?"

"कुणी?"

"सैपाकवालीनं. मावशी गेल्या तवापून तुमी माझ्याकडं बघत न्हाई. म्हून इच्यारलं."

मावशी, माझ्या मांडीवर तेच वाक्य होतं, इंग्रजीत, स्वच्छ, पांढऱ्यावर काळं. मी त्यावर बोट ठेवलं होतं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "नाही. डॉक्टरनं केलं."

आयुष्यातलं पहिलं भाषांतर आणि तेही असं.

तुमच्यावर कुणी कधी शंका घेतली नाही. माझी हौसाबाईंनी तिथल्या तिथं उलटतपासणी घेतली.

"डाक्टर? आन पुतण्या कुठं गेला?"

"पुतण्याचा काय संबंध?"

"मावशींच्या गोष्टीत पुतण्याच आसतो. आमी तर पयल्या दिवशी वळखतो. कसं धरत्यात, त्यापुरतं ऐकायचं."

सगळ्या माना डोलावत होत्या. म्हणजे मी खोकं पालथं करून जे शोधलं ते ह्यांना मुळापासून ठाऊक होतं आणि ह्यांचं काही अडलंही नव्हतं. पण मी काष्टीची आहे, एकदा बोलले ते मागं घेत नाही. "ह्या वेळी डॉक्टर," मी म्हटलं.

"पन डाक्टर त्या राती बंगल्याव आलाच न्हवता. मावशी म्हनल्या हुत्या, नगरला गेल्ता."

"औषधाची पुडी त्यानं सकाळीच दिली होती."

"मंग म्हातारीनं रातीपत्तोर का न्हाई घेतली?"

"जेवणानंतर घे, असं सांगितलं होतं."

हौसाबाईंनी विचार केला. "आन त्याला काय पडलं हुतं तिला मारायचं?"

मदतीला दुसऱ्याच एकजणी आल्या, बंगला त्याच्या दवाखान्याच्या जागेला लागून असेल म्हणून. तिसऱ्या म्हणाल्या, असंल, डॉक्टर लोकांना जागा पुरतच नाही. दुधाचं काय करायचं, कारण दुधात विष सापडलं असं तुम्ही आधीच सांगून बसला होता, तर हौसाबाईंनीच सोडवलं: म्हातारीनं पुडी स्वतःच दुधात टाकून घेतली, कडू होती म्हणून. सगळ्यांनी मिळून डॉक्टरला असा घट्ट बांधला की छापील पुस्तकात एवढी बांधणी नाही. फौजदारानं अंगणात सगळ्यांसमोर डॉक्टरची बॅग उलटी केली, हेही कुणीतरी घातलं. मी घातलेलं नाही, शपथेवर सांगते.

मी पुस्तक मिटायला घेतलं. वाटलं, झालं. तुमच्यासारखंच केलं, निष्पाप माणूस सोडवला, आता घरी जावं आणि निवांत चिडावं. तेवढ्यात सिंधूनं विचारलं, "मंग तिची माफी मागितली का कुनी?"

मी पुन्हा पुस्तक उघडलं. काय शोधत होते कुणास ठाऊक. पुढं अर्धंच पान होतं, त्यात पोलिसांची गाडी आणि केक. मग तुमच्या गोष्टी आठवून पाहिल्या, एकूण एक. भांडी घासणारी सुटली, माळी सुटला, नर्स सुटली. पण मावशी, तुमच्याही गोष्टीत त्यांची माफी मागायला कुणी आलं नव्हतं. पुतण्या गेला की गोष्ट संपली आणि त्या बाया दुसऱ्या दिवशी पुन्हा भांड्याला. तुम्ही बदललंत, त्यावरनं मी अजून भांडतेच आहे. पण बदलायलाच बसला होतात तर तिथवर का थांबलात? ह्याचंही उत्तर द्या. मला नीट उत्तर हवंय, बॅगेचं नको.

"मागितली," मी म्हटलं.

"कुनी?"

"समद्यांनी," हौसाबाई मध्येच म्हणाल्या. "वळीनं हुबं करून. फौजदार पयला, त्यानंच जास्ती तरास दिल्ता."

"सैपाकघरात यून?" सिंधूनं विचारलं.

"सैपाकघरात यून. चपला भाईर काढून."

"आन ती काय म्हनली?"

सगळ्या माझ्याकडं पाहायला लागल्या. मी सिंधूकडं पाहिलं. "मला काय माहीत? मावशींनी ती तुझ्यावरनं घेतली होती. तूच सांग."

सिंधूनं लाटणं खाली ठेवलं. हाताचं पीठ झटकलं. असं कित्येक वर्षांत कुणी तिला विचारलेलं नसावं. मग म्हणाली, "आधी म्हनली, बसा, च्या टाकते."

हौसाबाईंनी मान हलवली. पटलं नव्हतं त्यांना.

"न्हाई, न्हाई," सिंधू म्हणाली, आणि मावशी, तिचा आवाज मी कधी एवढा मोठा ऐकला नव्हता. "तसं न्हाई म्हनली. म्हनली, आज च्या तुमी टाका. आन साखर कुठं हाय, ती बी तुमची तुमी हुडका."